पुढच्या सीझनला कोण कोण येतंय?

भाकितं करायला कुणाला आवडत नाही? ऑफिसच्या कँटीनमध्येच बघा ना. कटिंग हातात आला की प्रत्येक जण एक्स्पर्ट! आयपीएलमध्ये कुणाची बॅटिंग कोसळणार, अप्रायझलला कुणाला किती टक्के मिळणार, एचआरमधली ती कधी पेपर टाकणार... सगळ्यांचे अंदाज तयार. ऑगस्ट २०२५मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर कायद्याने बंदी आली. फॅण्टसी टीमवर जाणारे आपले पैसे वाचले, पण भाकितं काही थांबली नाहीत. उलट आता ती फुकट आहेत, त्यामुळे जास्तच जोरात चालतात!

तर मंडळी, या आठवड्यात माझ्याकडूनही एक भाकीत. क्रिकेटचं नाही, सेन्सेक्सचं नाही आणि बिग बॉसचं तर नाहीच नाही. प्रश्न असा आहे की पेण आणि रोह्याच्या कॉलेजांतल्या मुलींच्या व्हॉलीबॉल टीम पुढच्या सीझनला कुठपर्यंत जातील?

हसलात ना? मला माहीत होतं. 'हा काय विषय झाला?' असं म्हणून पान उलटायच्या आधी एक मिनिट थांबा. तुमच्या शेजारच्या डेस्कवर बसणारी ती मुलगी, रोज पेणहून अप-डाऊन करणारी, कॉलेजात काय खेळायची हे कधी विचारलंयत? विचारून बघा. रायगडातली असेल तर कबड्डी किंवा व्हॉलीबॉल यापैकी एक उत्तर येण्याचे चान्सेस सॉलिड आहेत. आणि पुढचं वाक्य बहुतेक असं असेल, 'खेळायचे गं, पण मग सुटलं.'

आजचा विषय म्हणजे ते 'मग सुटलं'.

तिकडचा फंडा

आधी जरा लांब जाऊन येऊ. अमेरिकेत कॉलेजच्या मुलींचं व्हॉलीबॉल म्हणजे काय प्रकरण आहे याची आपल्याला कल्पनाच नाही. ३० ऑगस्ट २०२३ला नेब्रास्का युनिव्हर्सिटीने आपली मॅच फुटबॉलच्या स्टेडियममध्ये ठेवली. मुलींची, कॉलेजची, व्हॉलीबॉलची मॅच. बघायला आले ९२,००३ लोक! वानखेडे जवळजवळ तीन वेळा भरेल एवढी गर्दी. पेन स्टेट नावाच्या युनिव्हर्सिटीच्या मुलींनी २००७ ते २०१० अशी सलग चार वर्षं नॅशनल चॅम्पियनशिप जिंकली आणि मधल्या काळात सलग १०९ मॅचेस जिंकून दाखवल्या. (आमच्या पेणचा आणि त्या पेनचा संबंध नाही, पण नाव ऐकून मला उगाच बरं वाटलं होतं.)

तिकडे सीझन सुरू व्हायच्या आधीच कोचेसची संघटना मतदान घेते आणि टॉप टीम्सची यादी लावते. एकही सर्व्हिस पडलेली नसते, तरी पहिली कोण, दहावी कोण हे ठरलेलं असतं. फॅन्स त्यावर महिनाभर भांडतात. बरं, हे ठरवतात कशावरून? पहिला निकष एकदम साधा आहे. गेल्या वर्षीच्या सहांपैकी किती जणी परत येतायत? शेवटच्या वर्षाच्या किती गेल्या, दुसऱ्या युनिव्हर्सिटीत किती गेल्या, नवीन कोण आल्या... उंची, स्मॅश, ब्लॉक वगैरे सगळं त्यानंतर.

म्हटलं, फॉर्म्युला तर मस्त आहे. तो उचलायचा आणि आपल्याकडे लावायचा!

आपलं मैदान

आता परत या. पनवेल सोडलं की आपटा, जिते, हमरापूर, मग पेण. पुढे कासू, नागोठणे, निडी आणि रोहा. दोन्ही गावांमध्ये साधारण चाळीस किलोमीटरचं अंतर. पेण म्हणजे गणपती आणि पोह्याचे पापड हे तुम्हाला माहीत असतंच. रोहा म्हणजे कुंडलिका नदी, धाटावची एमआयडीसी आणि कोकण रेल्वेची सुरुवात. विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, जन्म १८९५चा. गंमत म्हणजे अमेरिकेत विल्यम मॉर्गन नावाच्या गृहस्थाने व्हॉलीबॉल हा खेळ काढला तोही १८९५लाच. म्हणजे विनोबा आणि व्हॉलीबॉल एकाच वयाचे!

कॉलेजांचं म्हणाल तर पेणमध्ये भाऊसाहेब नेने महाविद्यालय आहे, रोह्यात डॉ. सी. डी. देशमुख यांच्या नावाचं कॉलेज आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री झालेले हेच ते चिंतामणराव. ही सगळी कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली. इथेच खरी मेख आहे. मुंबई विद्यापीठ म्हणजे फक्त चर्चगेट आणि कलिना नाही. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सगळं एकाच छत्रीखाली. रोह्याच्या मुलीला विद्यापीठाच्या टीममध्ये जायचं असेल तर आधी आपल्या झोनमध्ये जिंकायचं आणि मग ज्यांच्याकडे इनडोअर हॉल, फिजिओ आणि कोच असं सगळं आहे त्या कॉलेजांशी भिडायचं. विद्यापीठाच्या टीमला पुढे वेस्ट झोनला गुजरात, राजस्थानच्या टीम भेटतात. खूप लांबची शिडी आहे, बॉस. आणि पहिली पायरी भरपावसात येते.

कारण सीझन आहे पहिल्या सेमिस्टरमध्ये. जूनमध्ये ॲडमिशन, जुलै-ऑगस्टमध्ये टीम बांधायची आणि पाऊस ओसरतो न ओसरतो तोच मॅचेस. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा याच चार महिन्यांत. १८ बाय ९ मीटरचं कोर्ट आखायला चुना टाकावा आणि संध्याकाळपर्यंत तो वाहून जावा असा प्रकार! डोक्यावर छप्पर नसेल तर प्रॅक्टिस कधी करायची, हे सर नाही, हवामान खातं ठरवतं.

सर, टीम कशी आहे?

फॉर्म्युला लावायचा म्हणजे माहिती हवी. म्हणून एका शनिवारी एका कॉलेजच्या ग्राउंडवर गेले. कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे कळेलच. संध्याकाळचे साडेचार. नेट बांधून झालं होतं. मुलींसाठी नेटची उंची २.२४ मीटर असते, मुलांसाठी २.४३. इथे दोघांना एकच नेट. मुलींची प्रॅक्टिस सुरू झाली की दोरी एक गाठ खाली. दोन मुली खांबापाशी टेप घेऊन उभ्या होत्या, कारण सरांना त्या बाबतीत अंदाजपंचे चालत नाही.

"सर, पुढच्या वर्षी टीम कशी आहे?" मी वही-पेन काढून विचारलं.

सर हसले. "मॅडम, ते जूनमध्ये विचारा. ॲडमिशन झाल्या की सांगतो."

"म्हणजे नवीन कोण येतायत ते बघून?"

"नाही हो. जुन्यांतल्या किती परत येतायत ते बघून!"

बघा, नेब्रास्का आणि रायगड, फॉर्म्युला तोच! फरक पुढे आहे. सरांनी बोटं मोजायला सुरुवात केली. पहिल्या सहांतल्या दोघी टीवायला, त्या जाणारच. तिसरीचं लग्न मे महिन्यात. चौथीचे वडील नोकरीसाठी कामोठ्याला शिफ्ट होतायत, ती तिकडेच ॲडमिशन घेणार. म्हणजे सहांतल्या चार गेल्या. उरल्या दोन. त्यातली एक लिफ्टर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लिफ्टर म्हणजे सेटर. दुसरा टच तिचा. बॉल नेटजवळ हव्या त्या उंचीवर ठेवून देणारी. स्मॅश मारणारीचे फोटो येतात, टाळ्या तिलाच मिळतात. पण तिच्या हातात बॉल देते ती लिफ्टर. तुमच्या ऑफिसात प्रेझेंटेशन करणारा वेगळा असतो आणि रात्री बसून आकडे जुळवून देणारी वेगळी असते, तसंच. स्मॅशर नवीन तयार करायला एक सीझन पुरतो, पण लिफ्टर तयार व्हायला दोन-तीन वर्षं जातात. कुणाचा हात कुठे पोहोचतो, कोण घाईत उडी मारते, कोण टेन्शनमध्ये मागे राहते हे सगळं तिच्या बोटांत बसावं लागतं.

आणि ही लिफ्टर पावणेसहाला निघते.

प्रॅक्टिस साडेचार ते साडेसहा. तिच्या गावाकडे जाणारी शेवटची एसटी पावणेसहाची. म्हणून ती तासभर खेळते, बाटलीतल्या पाण्याने तोंड धुते, ट्रॅक पँटवरच कुर्ता चढवते आणि पळते. ती गेली की उरलेल्या मुली पाऊण तास एकमेकींना बॉल पास करत राहतात. स्मॅशची प्रॅक्टिस बंद, कारण बॉल उचलून द्यायला कुणी नाही.

मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. ग्रेट निर्णय आहे, त्याने कितीतरी मुली घराबाहेर पडल्या. पण तिकीट अर्धं झालं म्हणून गाडी काही पाऊण तास उशिरा सुटत नाही!

'मी असले तर...'

त्या दिवशी मी तिच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत गेले. दहा मिनिटांचा रस्ता, ती जवळजवळ धावतच होती.

"ताई, पेपरात माझं नाव नका हं टाकू."

"का गं?"

"घरी सांगितलंय एक्स्ट्रा लेक्चर असतं म्हणून. आईला माहितीये. बाबांना नाही."

"आणि मॅचला बाहेरगावी जातेस तेव्हा?"

"तेव्हा आई सांगते, कॉलेजची ट्रिप आहे."

"एका वर्षात किती ट्रिपा?"

ती खळखळून हसली. "गेल्या वर्षी तीन झाल्या. बाबा म्हणाले, एवढं फिरवतात तर शिकवतात कधी?"

मी पण हसले. मग सहज विचारलं, "तुला काय वाटतं, पुढच्या वर्षी टीम कुठपर्यंत जाईल?"

"मी असले तर सेमीपर्यंत नक्की."

"आणि नसलीस तर?"

"नसले तर मला कसं कळणार, ताई?"

गाडी लागली होती. ती चढली आणि खिडकीतून हात केला. मी वहीत काहीच लिहिलं नाही.

तोक्योची गोष्ट

तुम्ही म्हणाल, हे गावाकडचं रडगाणं आहे, व्हॉलीबॉलचा काय संबंध? संबंध आहे. जगातल्या सगळ्यात भारी महिला व्हॉलीबॉल टीमपैकी एक याच प्रश्नावर जवळजवळ संपली होती.

जपानमध्ये ओसाकाजवळ काइझुका नावाचं गाव आहे. तिथे निचिबो कंपनीची कापड गिरणी होती. तिथे काम करणाऱ्या मुलींची एक टीम होती. दिवसा कंपनीचं काम आणि त्यानंतर रात्री उशिरापर्यंत प्रॅक्टिस. (नऊ ते सहानंतर जिमला जायचं म्हटलं तरी आपल्याला केवढं जड जातं!) कोच होते हिरोबुमी दायमात्सू. माणूस महाकडक. युरोपातल्या मुलींपुढे आपल्या मुली उंचीला कमी पडतात हे त्यांनी ओळखलं आणि स्मॅशपेक्षा डिफेन्सवर भर दिला. बॉलवर झेप घ्यायची, बॉल उचलायचा, खांद्यावरून कोलांटी घेऊन लगेच परत उभं राहायचं. हाच त्यांचा ट्रेडमार्क झाला.

१९६२मध्ये या मुलींनी रशियन टीमला हरवून वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली. आणि मग काय? मग घरोघरी एकच विषय, आता बस झालं, लग्न करा! वय निघून चाललं होतं ना. मासाए कासाई ही कॅप्टन तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होती. बऱ्याच जणी सोडायच्या विचारात होत्या. पण १९६४च्या तोक्यो ऑलिम्पिकमध्ये व्हॉलीबॉल पहिल्यांदाच येणार होतं. अख्ख्या देशाने गळ घातली आणि त्या थांबल्या. २३ ऑक्टोबर १९६४ला रशियाला सरळ तीन सेटमध्ये हरवून त्यांनी गोल्ड घेतलं. टीममधल्या बारांपैकी दहा जणी त्या एकाच कंपनीच्या होत्या. ती मॅच जपानमध्ये टीव्हीवर इतकी बघितली गेली की तोक्यो परिसरातलं रेटिंग ६६.८ टक्के लागलं. आणि नंतर कासाईचं स्थळ कुणी बघितलं माहितीये? जपानच्या पंतप्रधानांनी, आयसाकू सातो यांनी! १९६५मध्ये तिचं लग्न झालं.

मला या गोष्टीतलं गोल्ड मेडल तितकंसं महत्त्वाचं वाटत नाही. महत्त्वाचं हे की 'अजून दोन वर्षं खेळ' असं त्या मुलींना कुणीतरी म्हटलं. घरच्यांना समजावलं, कंपनीने नोकरी टिकवली, देशाने कौतुक केलं. १९६२ला ती टीम फुटली असती तर १९६४चा निकाल कुणी सांगितला असता?

आपल्याकडेही हे दिसतं. सीनियर नॅशनलमध्ये महिलांच्या फायनलला वर्षानुवर्षं दोनच नावं ऐकू येत आली, केरळ आणि रेल्वे. केरळच्या मुलींची बोटं आपल्यापेक्षा वेगळी नसतात. पण तिकडे कॉलेजच्या खेळाडूंसाठी स्पोर्ट्स हॉस्टेलं आहेत, म्हणजे पावणेसहाच्या गाडीचा प्रश्नच नाही. आणि रेल्वे खेळाडूंना नोकरी देते, म्हणजे 'खेळून काय मिळणार?' या प्रश्नाला दर महिन्याच्या एक तारखेला उत्तर मिळतं!

महाराष्ट्रातही सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. फक्त त्यासाठी ठरावीक स्पर्धेत, ठरावीक नंबर लागतो. तिथपर्यंत पोहोचायचं तर टीम लागते आणि टीम तर मे महिन्यातच फुटलेली असते. नवीन शैक्षणिक धोरणात मात्र एक चांगली गोष्ट झाली. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५पासून लागू झालं आणि त्यात खेळालाही क्रेडिट्स मिळू शकतात. म्हणजे 'एक्स्ट्रा लेक्चर' ही थाप आता अगदीच थाप राहिलेली नाही. शिवाय चौथ्या वर्षाचा पर्याय आहे. प्रत्येक कॉलेजात तो असेलच असं नाही. पण जिथे असेल तिथे एखाद्या लिफ्टरला आणखी एक सीझन मिळू शकतो. टीमच्या दृष्टीने एक सीझन म्हणजे खूप झालं.

तर भाकितं ऐका!

आता मुद्द्यावर येते. वही उघडलीच आहे तर लिहून टाकते. सीझन संपला की मला पकडा.

१. निम्म्या मॅचेस सर्व्हिसवरच जातील. आता प्रत्येक रॅलीला पॉइंट असतो, सेट २५चा. पूर्वी सर्व्हिस चुकली तर फक्त सर्व्हिस जायची, आता थेट पॉइंट जातो. एका सेटमध्ये सहा सर्व्हिस नेटमध्ये मारल्या की समोरच्यांना १९च पॉइंट कमवायचे राहतात. रोटेशनमुळे सहाही जणींना सर्व्हिस करावी लागते, कुणाला लपवता येत नाही. त्यातल्या चौघी नवीन असतील तर काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. मात्र सर्व्हिसची प्रॅक्टिस एकटीने, भिंतीवरसुद्धा करता येते. जी टीम ती करेल ती पहिली फेरी काढेल.

२. ज्यांना छप्पर, त्यांची दिवाळी. पावसात सभागृह असो, गोडाऊन असो, नाहीतर मंगल कार्यालयाचा रिकामा हॉल, जिथे मुली चार महिने बॉल हातात धरू शकतील ती टीम पुढे राहील. हॉलमध्ये नेट लागलं नाही तरी चालेल, पासिंग तर होतं! जुलैमध्ये सुट्टीच्या दिवशी भाताची लावणी असते. पेणकडच्या काही मुलींचे हात तर गणपतीच्या कारखान्यात रंगलेले असतात. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या मुलीची नजर आणि हात किती स्थिर असतो याचा विचार केलाय कधी? मला विचाराल तर अशा मुलीला डोळे झाकून लिफ्टर करावं. गणपती गेले की!

३. हुकमाचा एक्का लिबेरो. १९९८पासून आलेली ही वेगळ्या रंगाच्या जर्सीतली खेळाडू फक्त मागे खेळते, बॉल उचलते, स्मॅश मारत नाही. उंचीची गरज नाही. 'मी बुटकी आहे, मला काय घेणार' म्हणणाऱ्या मुलींसाठी ही जागा आहे. कबड्डी खेळलेली मुलगी असेल तर सोन्याहून पिवळं, कारण जमिनीवर पडायची तिला भीतीच नसते. आपल्या भागातल्या टीम जिंकल्या तर दायमात्सूंच्या पद्धतीनेच जिंकतील. उंचीवर नाही, उचलण्यावर.

४. पेण की रोहा? घाबरून मधलं उत्तर देणार नाही! झोनमध्ये मी रोह्याच्या बाजूने. कारण पनवेल-नवी मुंबई पेणला जवळ पडतं आणि बारावी झाली की पेणची चांगली खेळाडू ट्रेन पकडून तिकडच्या कॉलेजात जाऊ शकते. रोह्याहून रोजचं जाणं-येणं अवघड, म्हणून मुली गावातच राहतात आणि टीम टिकते. पण पुढे मुंबईत जाऊन मोठ्या टीमकडून एखादा सेट काढायची वेळ आली तर माझं मत पेणला. पनवेल जवळ असण्याचा इथे मात्र फायदा होतो, तगड्या टीमशी प्रॅक्टिस मॅचेस मिळतात. फायनल? फायनलला मुंबई-ठाण्याच्याच टीम असतील. सॉरी, पण मनापासून वाटतं ते लिहितेय.

५. लिफ्टर आली तर टीम आली. पहिली चारही भाकितं चुकली तरी चालतील, हे नाही चुकणार.

आता तुमचं काम

कॉलम वाचून 'सो सॅड' म्हणायचं आणि पुढच्या पानावरच्या नवीन कॅफेकडे वळायचं, असं करू नका प्लीज. कॅफे पुढच्या आठवड्यातही तिथेच असेल.

तुमच्यातले कितीतरी जण शुक्रवारी रात्री पेण, नागोठणे, रोह्याला घरी जातात. रविवारी सकाळी दहापर्यंत झोपतात. त्यातल्या ज्या कधी काळी खेळल्यात त्यांनी महिन्यातून दोन रविवार जुन्या कॉलेजच्या ग्राउंडवर जावं. बारा जणी नसल्या तर तुमच्यासकट होतील! प्रॅक्टिसला समोर टीम असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे ते तुम्हाला सांगायला नको. मोडका शॉट बसला तर स्ट्रेस पण जाईल, वर फिटनेसही होईल.

ज्यांना खेळता येत नाही पण गाडी आहे त्यांनी चौघे-पाच जणांनी मिळून एक करावं. सीझनचे दोन महिने प्रॅक्टिसनंतर मुलींना गावापर्यंत सोडायला एक इको किंवा टमटम ठरवून द्यावी. ड्रायव्हर गावातला ओळखीचा, सरांना आणि घरच्यांना सगळं माहीत असलेला. एका वीकेंडच्या पार्टीत जेवढं बिल होतं त्यात काय काय होईल याचा हिशेब तुम्हीच करा, एक्सेल तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

आणि ज्यांना यातलं काहीच जमणार नाही त्यांनी एकच करा. तुमच्या वाडीत, भावकीत, शेजारी अशी एखादी मुलगी असेल. गणपतीला घरी जाल तेव्हा तिच्या बाबांपाशी बसा आणि सहज म्हणा, "काका, तुमची पोरगी खेळते चांगली. अजून एक वर्ष खेळू द्या." मुंबईत नोकरी करणाऱ्याचं गावात ऐकतात. पगार विचारतात, लग्नाचं विचारतात, पण ऐकतातसुद्धा. काइझुकाच्या मुलींसाठी अख्खा देश मध्ये पडला होता. इथे एक शेजारी पुरेल.

मॅचेसचं शेड्यूल लागलं की सगळे म्हणतील, आता निकाल कळेल. माझ्या मते तो जूनमध्येच लागतो, ॲडमिशनच्या खिडकीपुढच्या रांगेत. कोण स्मॅश मारते ते बघायला मी जाणार नाहीये. कोण परत आलीय ते बघायला जाणार आहे.

रांगेत ती दिसली तर याच पानावर सांगेन. नाव न टाकता!